साबण चार वेळा बदलला

५ जून

त्या सकाळी आपल्या लाँड्रीत तू लॉजच्या चादरी पिळत होतीस आणि मी बाळाचे लंगोट. पाणी तापायला ठेवलं होतं, तुझे दादा आत शर्टांवर पाणी शिंपडून गुंडाळ्या करून ठेवत होते, आणि निळीची पुडी कुणी ओल्या हाताने धरली यावरून तुमची बहीण-भावांची कटकट चालली होती. चादरी संपवून तू माझ्या बादलीत हात घातलास. एक लंगोट नाकाशी नेलास आणि म्हणालीस, "वहिनी, हा वास कसला? साखर करपल्यासारखा."

मी म्हणाले, "साबणाचा. नवा माल आहे. मेले काय काय घालतात त्यात."

तो लंगोट तुझ्या हातून घेऊन मी दोनदा धुतला आणि उन्हात टाकला. तू सतरा वर्षांची होतीस. माझं दुसरं बाळ सहा दिवसांचं होतं.

वन्सं, सव्वीस वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि सुरुवात ही अशी केली. 'वन्सं' वाचून हसशील, ते दिसतंय मला. माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी तू, माझी आतेबहीण आधी आणि नणंद नंतर. तुला वन्सं म्हणायची माझी जीभ कधी वळली नाही. पण आज एकदम नावाने हाक मारायचा मला हक्क आहे असं वाटत नाही.

बातमी अशी की मला नातू झाला. पंचवीस दिवसांचा आहे. माझ्या मुलीचा मुलगा. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तुझे दादा जाऊन चार वर्षं झाली. ते तुला परक्या माणसाकडून कळलं, हा माझा दोष. मी कळवायला हवं होतं. त्यांचा चष्मा मी अजून काउंटरवर ठेवते, गिऱ्हाईक विचारतं "शेटजी आत आहेत का?" आणि मी म्हणते, "आहेत." कोण समजावत बसणार.

नातवाला तोच आजार निघाला. जन्मतः नीट दिसतो, चौथ्या-पाचव्या दिवशी दूध सोडतो, मलूल पडतो, आणि लघवीला करपलेल्या साखरेचा वास येतो. आपल्या घरातल्या दोघांना झाला तोच. पण हा जिवंत आहे. डॉक्टरांनी वेळेत ओळखलं. सहा दिवस काचेच्या पेटीत होता, आता घरी आहे. डब्यातलं वेगळं दूध आहे, वजनकाट्यावर मोजून द्यायचं. आयुष्यभर पथ्य पाळावं लागेल, पण डॉक्टर म्हणतात, शाळेत जाईल, पळेल, उनाडक्या करेल.

तुझे आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. फार आभार आहेत, कुठून सुरुवात करू ते कळत नाही.

तुझी वहिनी


१४ जून

मास्तरीणबाई,

तू पत्राच्या शेवटी 'मास्तरीण' म्हणून सही केलीस, म्हणून मलाही धीर आला. मी या घरात आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाइकांचे कपडे मी डागांवरून ओळखायची. तूच मला कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली अक्षरं वाचायला शिकवलीस. 'क' म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी, 'द' म्हणजे दंतवैद्य, 'ल' म्हणजे लॉज. मी 'ल'ला पाय काढायला विसरायची आणि तू माझ्या मनगटावर इस्त्रीच्या कापडाने फटका मारायचीस. पुढे मी वर्तमानपत्राचे कागद वाचले, मग रद्दीतली पुस्तकं, मग वाचनालयातली. आता चष्म्याचा नंबर तेवढा वाढतो आहे, शहाणपण किती वाढलं ते तूच ठरव.

तू विचारलंस, "डॉक्टरांना इतक्या लवकर कसं कळलं? मी ज्या हॉस्पिटलात काम करते तिथे हा आजार दहा-दहा वर्षांत एकदा दिसतो." बरोबर पकडलंस. त्यांना कळलं नाही. मी कळवलं.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "आई, किती गुणी आहे बघ, रडतसुद्धा नाही. नुसता झोपतो." तिने लंगोटांची पिशवी माझ्याकडे दिली. मी पिशवी उघडली. मास्तरीण, माणसाचा चेहरा विसरता येतो. माझ्या पहिल्या मुलाचा चेहरा मला आता धड आठवत नाही. पण तो वास पिशवीतून वर आला आणि मी तो तत्क्षणी ओळखला.

एक ओला लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, बाळाला मुलीच्या हातात दिलं आणि तिला ओढत हॉस्पिटलात नेलं. ती विचारत होती, "अगं पण झालंय काय?" खिडकीतली बाई म्हणाली, "नंबर घ्या, आजी. तुमच्या आधी सोळा आहेत." मी म्हणाले, "बाई, त्या सोळांची मी माफी मागते, पण हा सतरावा संध्याकाळपर्यंत राहायचा नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि आतलं दार उघडलं. तिचे आभार मानायचे राहिलेत. सोमवारी जाऊन मानणार आहे.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. मी पिशवीची गाठ सोडून तिच्यापुढे धरली. "हुंगा."

"आजी, हे काय?"

"तुम्ही आधी हुंगा. मग मला वेडी म्हणा."

तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मी आजाराचं नाव सांगितलं, ते लांबलचक, अडखळत. ती उठली आणि बाळाला घेऊन धावत सुटली. धावणारी डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

नाव मला तुझ्या जुन्या पत्रातून ठाऊक होतं. ते पत्र मिळालं होतं मला. तू मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतंस, मला वाचायला सोपं जावं म्हणून. तुझ्या प्रयोगशाळेत एका डॉक्टरांनी एका आईला विचारलं, "लंगोटाला साखरेचा वास येतो का?" आणि तुझ्या हातातली नळी पडली, असं लिहिलं होतंस. टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतला की कळतं, तेही लिहिलं होतंस. मी उत्तर दिलं नाही. त्याबद्दल क्षमा कर.

नातू या आठवड्यात दोनशे ग्रॅमने वाढला. तुझ्यामुळे.

तुझी वहिनी


२२ जून

मास्तरीण,

तुझं उत्तर दोनच ओळींचं आलं. "माझं पत्र तुला कधी मिळालं? आणि मुलीचं लग्न कधी झालं?"

मला वाटलंच होतं, तू हेच विचारशील. वजाबाकी तूच शिकवलीस मला.

पत्र सहा वर्षांपूर्वी आलं. मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. जावई कोण, ते मी दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. जावई माझ्या भावाचा मुलगा. ज्या भावाला तू नकार दिलास, त्याचा.

आता नीट सांगते. दुसरं बाळ गेलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. तुझं आणि माझ्या भावाचं जुळवायला सगळे बसले होते, घरातली मुलगी घरात म्हणून. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "या घरात घरातल्या घरात लग्नं होतात आणि पोरं मरतात. मला नाही करायचं." मी उठून तुझ्या कानशिलात मारली. "माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस," असं मी म्हणाले. तू ठेवलं नाहीस. मला वाटलं, तू माझ्या मेलेल्या मुलांवरून मला टोमणा मारलास. तू फक्त जे दिसलं ते बोललीस. आणि माझ्या भावाची समजूत अशी की तू त्याला बुटका म्हणून नाकारलंस. तेव्हापासून तो जाड टाचांचे बूट घालतो. पन्नाशीला आला, अजून घालतो.

सहा वर्षांपूर्वी तुझं पत्र वाचलं तेव्हा मला सगळं एका क्षणात कळलं. कळलं म्हणूनच मी ते लपवलं. तुझ्या दादांनाही दाखवलं नाही. एक जुना कोट आहे दुकानात, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही कधी, त्याच्या खिशात ठेवलं. दाखवलं असतं तर मला सांगावं लागलं असतं की वास मला दोन्ही वेळा आला होता. आपण धुलाईवाले. कापडाला वास आला की आपण साबणाला दोष देतो, दुसरं काही आपल्या डोक्यातच येत नाही. दोन बाळांच्या त्या थोड्याशा दिवसांत मी चार वेळा साबण बदलला. तुझे दादा साबणवाल्याच्या दुकानात जाऊन भांडले. बाळ काय सांगत होतं, ते मी घासून घासून धुतलं आणि वाळत घातलं. दुसऱ्या कुणी, ज्याला धुण्याचं कळत नाही अशा बाईने, कदाचित डॉक्टरला विचारलं असतं.

तुझ्या दादांनी मरेपर्यंत त्या साबणवाल्याला माफ केलं नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले, "त्या माणसाच्या साबणात काहीतरी होतं." मी त्यांचे पाय चेपत होते. पत्र पाच पावलांवर त्या कोटात होतं. मी पायच चेपत राहिले.

मग ते गेले आणि भावाने मागणी घातली. मुलांचं आपसात आधीच जमलं होतं. दोन गल्ल्या पलीकडचं घर, रोज दिसणारी मुलगी, आणि मी एकटी. माझ्या मनाने सगळी कारणं दिली. एवढ्या सगळ्याच्या विरुद्ध एक पत्र. मी स्वतःला सांगितलं, मोठ्या लोकांच्या पुस्तकातलं असेल ते, आपली मुलगी तर धडधाकट आहे.

ती धडधाकट का आहे, ते डॉक्टरणीने परवा समजावलं. कागदावर गोल काढले, रेघा काढल्या. मी म्हणाले, "थांबा, मला माझ्या भाषेत बघू दे. प्रत्येकाकडे मोज्यांची एक जोडी असते. एक आईने दिलेला, एक बापाने. एक फाटका असला तरी दुसऱ्यावर निभावतं, बाहेरून कुणाला कळत नाही. पण आईनेही फाटका दिला आणि बापानेही, तर पोराला दोन्ही फाटके. असंच ना?" ती म्हणाली, "असंच. दर वेळी चारात एकदा ही पाळी येऊ शकते." मी म्हणाले, "आणि घरातल्या घरात मोजे वाटत राहिलं, की तोच फाटका पुन्हा पुन्हा हाताला लागतो." ती म्हणाली, "आजी, मी पुढच्यांना हे असंच सांगणार आहे." म्हणजे तुझे दादा आणि मी, दोघांकडे एकेक; मुलीकडे आणि जावयाकडेही. माझ्या आजीचा किंवा आजोबांचा असेल तो. चांगली माणसं होती, त्यांनाही माहीत नसणार.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. सगळे विचारतात, तुम्हाला हे कसं सुचलं? मी सांगितलं, पुस्तकात वाचलं होतं. मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आईच्या वाचनाने माझा मुलगा हाती लागला." शेजारपाजारच्या बायका मला नमस्कार करतात. तुझे आभार मी घेऊन बसले आहे.

आणि भाऊ त्याच्या धाकट्या मुलीचं ठरवतो आहे, माझ्या चुलतबहिणीच्या मुलाशी. डॉक्टरणीने रक्त तपासायला सांगितलंय, तर तो म्हणतो, "एकदा झालं म्हणजे काय घराण्यात आहे? आपल्या घरात असं कधी झालंय का, ताई?" त्याला वाटतं माझी दोन्ही मुलं तापाने गेली. झालंय, हे सांगू शकणारी एकटी मी आहे. मी भाजी निवडत बसले. पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत.

तू रागावली असशील तर रागाव. पण उत्तर पाठव.

तुझी वहिनी


२ जुलै

मास्तरीण,

तू रागावली नाहीस, हे मला सोसायला जास्त जड गेलं. तू लिहिलंस, "वहिनी, तो वास मलाही आला होता. मीही तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून पुढची चादर पिळायला घेतली. सव्वीस वर्षं मला वाटतं की मी हट्ट करायला हवा होता." तू सतरा वर्षांची होतीस गं. घरातल्या मोठ्या बाईने साबण म्हटलं म्हणजे साबण. ते ओझं तू आजपासून खाली ठेव, ते माझं आहे. आणि तू लिहिलंस, "आभार मला नकोत. ज्यांना सांगायचं त्यांना सांग." बरं, मास्तरीणबाई.

शुक्रवारी दुपारी मुलगी बाळाला घेऊन दुकानात आली. बाळाचं दूध मोजून झालं होतं. मी कोटातलं पत्र काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "मी पुस्तकात वाचलं नव्हतं. हे वाचलं होतं."

तिने उभ्या उभ्या वाचलं. मग वरची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली.

"हे आलं तेव्हा मी किती वर्षांची होते?"

"अठरा."

"मग मला वाचता येत होतं की, आई."

ती इस्त्रीच्या टेबलाशी बसली. बाळ तिच्या मांडीवर हात-पाय झाडत होतं. म्हणाली, "हा नसता, असंही मला म्हणवत नाही. हा हवाच आहे मला. पण मला विचारायला हवं होतंस. मी कदाचित लग्न केलंही असतं. पण मग पहिल्या दिवशी, त्याच्या टाचेला सुई लावून घेतली असती. दोन दिवस तो उपाशी झोपला आणि मी त्याला गुणी म्हणत राहिले."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"ते मला दिसतंय. आत्याला काय म्हणालीस?"

"आभार मानले."

"नुसते आभार? एवढ्यावर?" मग ती तुझ्यासारखी हसली. तू दिसलीस मला तिच्यात, तुझा तो एका बाजूने हसायचा प्रकार. तिने तुला कधी पाहिलं नाही, तरी आलं ते तिच्याकडे. मी मनात म्हटलं, आपल्या घराने नुसतं वाईटच खाली दिलेलं नाही.

लगेच तिचं हसणं थांबलं. "मामांना माहीत आहे?"

"नाही."

"रविवारी पाहुणे येणार आहेत."

"बघू. मी एकदा त्याच्याशी..."

"बघू नाही. तू बघत बसलीस म्हणून हे झालं. माझ्या नणंदेच्या पोटी उद्या असंच पोर आलं आणि तेव्हा मी म्हटलं की आईला ठाऊक होतं, तर ते तुला चालेल?" मग पत्राची घडी घालून तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "हे माझ्याकडे राहील. तुला ते दाखवून मोकळं होता यायचं नाही. तुझ्या तोंडाने सांग."

"आणि तू? तू माझ्याशी बोलशील का गं?"

"आता नाही बोलवत मला," ती म्हणाली. "पण दूध कसं मोजायचं ते तुला नीट येतं. तेवढ्यासाठी येत राहीन." बाळाला उचलून ती गेली. दारातून वळून पाहिलं नाही. पायरी उतरताना मात्र बाळाचं डोकं तिने हाताने झाकलं, ऊन होतं म्हणून.

मास्तरीण, तुला खोटं वाटेल, पण मी बसून राहिले तेव्हा मला वाईट वाटण्यापेक्षा हलकं जास्त वाटलं. माझी मुलगी माझ्याशी खरं बोलली. नातू जिवंत आहे, रागावलेल्या आईच्या खांद्यावर झोपून घरी गेला. आणि कुठेतरी लांब तू हे वाचायला आहेस. मला एवढं मिळेल असं मी धरलं नव्हतं. तुझे दादा असते तर त्यांना आधी सांगितलं असतं. त्यांचा चष्मा हातात घेतला आणि सांगितलं, "साबणात काही नव्हतं हो." उगाच. पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. सकाळीच भावाकडे गेले. तो, भावजय, त्यांची धाकटी मुलगी, जावई, सगळ्यांना एका खोलीत बसवलं. भाऊ म्हणाला, "ताई, चहा तरी घे." मी म्हणाले, "आधी ऐक." मग माझ्या दोन्ही मुलांच्या लंगोटांना कसला वास येत होता, कोणत्या दिवसापासून येत होता आणि मी त्याचं काय केलं, ते पहिल्यापासून सांगितलं. तू खरं बोलली होतीस, तेही सांगितलं. मग आम्ही सगळे चालत हॉस्पिटलात गेलो आणि रक्त तपासायच्या रांगेत उभे राहिलो. हात सगळ्यांत आधी मी पुढे केला.